मधमाशीची तीन घरे





पवित्र कुरआनच्या सोळाव्या सूरहचे नाव ‘अन-नहल’, म्हणजे मधमाशी. १२८ आयतींच्या या सूरहमध्ये अल्लाहने मानवावर केलेल्या कृपा एकामागून एक मोजून दाखविल्या आहेत. गुरेढोरे, पाऊस, पिके, समुद्र, तारे, दूध, फळे यांचा त्यात उल्लेख येतो. मधमाशीच्या वाट्याला यांपैकी अवघ्या दोन आयती आल्या आहेत, ६८ आणि ६९. तरीही संपूर्ण सूरह या लहानशा जिवाच्या नावाने ओळखली जाते. ज्या ग्रंथाला आपण जीवनाचा मार्गदर्शक मानतो त्या ग्रंथाने एका कीटकाचे नाव आपल्या एका अध्यायाच्या माथ्यावर ठेवले आहे, ही गोष्ट थांबून विचार करावा अशी आहे.

या दोन आयतींचा क्रमही लक्षात घ्यावा. अल्लाहने मधमाशीला वही केली, म्हणजे तिच्या स्वभावात एक प्रेरणा घातली, असे तेथे सांगितले आहे. प्रेषितांवर येणारी वही वेगळी आणि ही स्वाभाविक प्रेरणा वेगळी, हे विद्वानांनी स्पष्ट केले आहे. परंतु शब्द तोच योजला आहे. या प्रेरणेतील पहिली आज्ञा घराची आहे. मधमाशीने पर्वतांत, झाडांत आणि माणसे जे उभारतात त्यात आपली घरे करावीत. त्यानंतर तऱ्हेतऱ्हेच्या फळाफुलांतून आपला आहार घेण्याची आणि पालनकर्त्याने सुकर केलेल्या वाटांवरून नम्रपणे चालण्याची आज्ञा येते. मग तिच्या पोटातून निघणाऱ्या विविधरंगी पेयाचा आणि त्यातील शिफाचा उल्लेख येतो. शेवटी, विचार करणाऱ्या लोकांसाठी यात निशाणी आहे, असे बजावले आहे. अरबी भाषेचा जाणकार येथे आणखी एक गोष्ट टिपतो. या सर्व आज्ञा स्त्रीलिंगी रूपात आहेत, आणि घर बांधणारी व मकरंद आणणारी कामकरी माशी मादीच असते.

मधातील शिफाची गोष्ट आपल्या घराघरांत पाठ आहे. आजारी मुलाला मध चाटविताना आई तिचा उच्चार करते. परंतु त्याच आयतींचा आरंभ ज्या घराने होतो, ते घर मात्र आपल्या विस्मरणात गेले आहे. मध हवा आणि माशी नको, अशी आपली स्थिती झाली आहे. म्हणून आज त्या तीन घरांचा विचार करू.

पहिले घर पर्वतातले. सह्याद्रीचे उभे कडे चढणाऱ्यांना आग्या माशीची मोठमोठी पोळी परिचित आहेत. ही आपल्याकडील मधमाश्यांतील सर्वांत मोठी. ती उघड्यावर एकच लांबरुंद पोळे टांगते आणि एका पोळ्यावर हजारो माश्या एकमेकींना धरून राहतात. ही माशी मुसाफिर आहे. जेथे फुलोरा असेल तेथे ती येते, आणि फुलोरा ओसरला की पोळे मागे ठेवून निघून जाते. पुढील हंगामात अनेकदा ती त्याच ठिकाणी परत येते.

दुसरे घर झाडातले. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत अंधाऱ्या जागी अनेक समांतर पोळी बांधते. फुलोरी नावाची इवलीशी माशी झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढे पोळे विणते. डंख नसलेल्या अतिलहान माश्याही खोडांच्या पोकळीत राहतात. सातेरी माशी शतकानुशतके आपल्या डोंगरी लोकांची सोबतीण आहे. महाबळेश्वरजवळील मांघर या गावाने मधपाळीलाच आपला व्यवसाय मानले आणि २०२२ साली ते देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले.

झाडातल्या घराची एक कथा पुणे जिल्ह्यातच उलगडली आहे. भीमाशंकरच्या जंगलात लाकूड पोखरून घर करणारा एक मोठा भुंगा आहे. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. हा भुंगा रात्री उडतो. चंद्र नसलेल्या रात्रीही, केवळ चांदण्यांच्या उजेडात, तो आपल्या घराची वाट शोधतो आणि रंग ओळखतो, हे त्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले. तशा उजेडात मानवी डोळ्याला कोणताच रंग दिसत नाही. त्याच जंगलातील वारस नावाच्या वृक्षाची फुले रात्री उमलतात आणि त्यांचे पराग हेच भुंगे वाहून नेतात. आपण झोपेत असताना वृक्ष आणि भुंगा यांच्यात हा व्यवहार चालू असतो. पालनकर्त्याने सुकर केलेल्या वाटा म्हणजे काय, हे अशा उदाहरणातून कळते.

या वाटांचे प्रयोजन काय? सूरह यासीनच्या ३६व्या आयतीत, जमीन जे उगवते त्यातही अल्लाहने जोड्या निर्माण केल्याचे सांगितले आहे. सूरह अल-हिज्रच्या २२व्या आयतीत फलधारणा घडविणाऱ्या वाऱ्यांचा उल्लेख आहे. ज्वारी, मका यांचे पराग वारा नेतो. परंतु असंख्य वनस्पतींची जोडी कोणा जिवाच्या पंखांवाचून जुळत नाही. भोपळा, कारले, काकडी, सूर्यफूल, कांद्याचे बियाणे यांना मधमाशी लागते. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलातील पराग घट्ट कोंडलेले असतात. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला बिलगून अंग थरथरवतात, तेव्हा ते बाहेर पडतात. पुरंदरच्या सीताफळाची फुले तर लहान लहान भुंगेरे फळवतात. जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिके कमी-अधिक प्रमाणात परागवाहक जिवांवर अवलंबून आहेत. दस्तरखानावरील भाजी आणि फळ समोर आले की आपण बिस्मिल्लाह म्हणतो. त्या अन्नामागे अल्लाहने कामाला लावलेले हे मूक सेवकही असतात.

आता तिसरे घर. माणसे जे उभारतात, त्यातले. भाष्यकारांनी या शब्दाचा अर्थ मांडव, छत, मानवनिर्मित वास्तू आणि माणसाने माशीसाठी केलेली पोळ्याची जागा असा घेतला आहे. पुणे शहरात हा अर्थ डोळ्यांना दिसतो. डोंगरकड्याची सवय असलेली आग्या माशी उंच इमारतीच्या सज्जाखाली, पाण्याच्या टाकीखाली, पुलाच्या कमानीखाली उतरते. तिला तो एक कडाच वाटतो. सातेरी माशी भिंतीच्या भोकात किंवा मीटरच्या पेटीत शिरते. पोळे दिसताच इमारतीत घबराट होते. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावले जाते, रात्री विष फवारले जाते किंवा मशाल लावली जाते, आणि पहाटे आवारात मेलेल्या माश्यांचा सडा पडलेला असतो.

पुण्यात राहणाऱ्या अमित गोडसे यांनी असाच प्रसंग आपल्या इमारतीत पाहिला. ते अभियंता होते. त्या दृश्याने ते इतके अस्वस्थ झाले की त्यांनी मधमाश्यांचा अभ्यास केला, नोकरी सोडली आणि ‘बी बास्केट’ हा उपक्रम उभारून माश्यांना न मारता पोळी हलविण्याचे काम हाती घेतले. मेलेल्या माश्या अनेकांनी झाडून टाकल्या असतील. एका माणसाने त्यांच्याकडे पाहून विचार केला. आयतीचा शेवट विचार करणाऱ्या लोकांवरच होतो, हे येथे आठवते.

बंधू-भगिनींनो, या प्रसंगी आपला दीन काय शिकवितो?

आदरणीय अब्दुल्लाह इब्ने अब्बास (र.) यांनी कथन केलेल्या, अबू दाऊद व इब्ने माजा यांच्या संग्रहांतील हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी चार जिवांना मारण्यास मनाई केली आहे. मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि सुरद, म्हणजे आपल्याकडे ज्याला खाटीक पक्षी म्हणतात तो. मधमाशीचे नाव येथे स्पष्टपणे आले आहे. त्यासाठी तर्क लढविण्याची गरज नाही.

अग्नीविषयीही स्पष्ट मार्गदर्शन आहे. आदरणीय अब्दुल्लाह इब्ने मसऊद (र.) सांगतात की एका प्रवासात सोबत्यांनी मुंग्यांचे वारूळ जाळले. ते पाहून प्रेषितांनी (स.) कोणी जाळले असे विचारले आणि समजाविले की अग्नीने शिक्षा देणे हा अग्नीच्या पालनकर्त्याचाच अधिकार आहे. आदरणीय अबू हुरैरा (र.) यांच्या कथनात, बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत, पूर्वीच्या एका प्रेषिताची हकीकत येते. एक मुंगी चावली म्हणून त्यांनी पूर्ण वारूळ जाळविले, तेव्हा अल्लाहने त्यांना विचारले की एकीच्या चावण्यापायी तस्बीह करणारी एक संपूर्ण उम्मत तू नष्ट केलीस काय! एक माशी डसली म्हणून हजारोंचे पोळे पेटविणाऱ्याला हा प्रश्न थेट लागू होतो. सूरह अल-अनआमच्या ३८व्या आयतीत पृथ्वीवरील प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे मानवासारखेच समुदाय असल्याचे सांगितले आहे. वारुळाला जर उम्मत म्हटले गेले, तर पोळे ही उम्मत नव्हे काय?

येथे कोणी आक्षेप घेईल. घरात लहान मुले आहेत, वृद्ध आहेत. आग्या माश्यांचा थवा उठला तर जीव जाऊ शकतो. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला हलके लेखणे योग्य नाही. आग्यामोहोळाच्या सामूहिक डंखाने माणसे दगावतात. मानवी प्राणाचे रक्षण हे शरिअतच्या मूळ उद्दिष्टांपैकी एक आहे. प्रत्यक्ष हल्ला झाल्यास स्वतःचा व दुसऱ्याचा बचाव करण्याची परवानगी आहे. परंतु इजा पोहोचवू नये आणि इजेचा बदला इजेने घेऊ नये, हे प्रेषितांनी (स.) घालून दिलेले तत्त्व आहे. इजा दूर करायची असेल तर प्रथम सर्वांत सौम्य उपाय करावा आणि गरजेपुरताच करावा, असे फिक्हच्या जाणकारांनी त्यावरून शिकविले. भीती आणि धोका यांत फरक आहे. भीती वाटली एवढ्यावरून संहार करण्याची अनुमती मिळत नाही.

सौम्य उपाय कोणते? पोळे उंचावर, कोणाच्या वाटेत नसेल तर पहिला उपाय म्हणजे सब्र. ही माशी मुसाफिर आहे. हंगाम संपला की ती स्वतःच निघून जाईल. तोपर्यंत पोळ्याला दगड लागू नये, त्याखाली धूर होऊ नये, फटाके उडू नयेत. रात्री जवळचा दिवा मालवावा आणि खिडकी बंद ठेवावी, कारण आग्या माशी उजेडाकडे ओढली जाते. पोळे जिना, दार किंवा शाळेच्या वाटेवर असेल तर प्रशिक्षित माणसाला बोलवावे. सातेरीची वसाहत राणीसह लाकडी पेटीत हलविता येते. आग्या माशी पेटीत पाळता येत नाही. परंतु जाणकार माणूस तिला न मारता ती जागा सोडावयास लावू शकतो. या कामाला पेस्ट कंट्रोलपेक्षा चार पैसे अधिक लागले तरी तो फरक सोसायटीने मिळून उचलावा आणि निय्यत सदक्याची ठेवावी. सोसायटीच्या बैठकीत असा विषय निघेल तेव्हा मुस्लिम सदस्याने गप्प बसू नये. आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण शेजाऱ्यांना सौजन्याने सांगण्याची ती संधी आहे. शेजाऱ्याची भीती समजून घेऊन मार्ग काढणे हाही शेजारधर्माचाच भाग होय.

सूरह अल-बकराहच्या २०५व्या आयतीत अशा माणसाचे वर्णन आहे, जो सत्ता मिळताच पृथ्वीवर बिघाड माजवितो आणि शेती व संतती नष्ट करतो. परागवाहक जिवांच्या नाशात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. एका मोहोळाची संतती संपते आणि आसपासच्या फुलांची फळधारणाही खुंटते. जगात मधमाशी व तिच्या भाऊबंद माश्यांच्या मिळून २०,००० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी बहुसंख्य पोळे बांधत नाहीत. मातीतील बिळात किंवा सुक्या काडीत त्या एकेकट्या राहतात. आवारातील प्रत्येक हात जमीन फरशीने झाकली, टेकडी खोदली, सुके लाकूड जाळून टाकले, फुलांऐवजी फक्त हिरवळ लावली, की त्यांचे घर हिरावले जाते. त्यांना मारल्याचे आपल्याला कळतही नाही.

म्हणून या विषयात ज्ञान मिळविणे हा इबादतीचाच एक मार्ग आहे. मदीनेत लोक खजुरीच्या नर झाडाचे पराग मादी झाडाला लावीत. प्रेषितांनी (स.) त्याविषयी सहज आपला अंदाज बोलून दाखविला, तेव्हा लोकांनी ते काम सोडले आणि त्या वर्षी पीक नीट आले नाही. त्यावर प्रेषितांनी (स.) सांगितले की अशा सांसारिक व्यवहारांची माहिती तुम्हाला अधिक आहे. मुस्लिम यांच्या संग्रहातील ही हदीस अनेक अंगांनी अभ्यासली जाते. आपल्या विषयापुरते एवढे लक्षात घ्यावे की परागीभवनाच्याच प्रश्नावर, निरीक्षण आणि अनुभव यांनी मिळणाऱ्या ज्ञानाला प्रेषितांनी (स.) त्याचे स्थान दिले. पूर्वसूरींनी हा मार्ग चालविला. अल-जाहिझ यांनी ‘किताबुल हयवान’ आणि अद-दमीरी यांनी ‘हयातुल हयवान’ हे प्राणिसृष्टीवरील ग्रंथ रचले. आधुनिक काळात कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाशीच्या नृत्याचा अर्थ उलगडला. फुले कोणत्या दिशेला आणि किती दूर आहेत, हे माशी पोळ्यावर नाचून आपल्या बहिणींना कळविते. या कार्यासाठी त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या वाटांचा उल्लेख आपण तिलावतीत ऐकतो, त्यांचा नकाशा एका संशोधकाने वर्षानुवर्षे पोळ्यासमोर बसून वाचला.

पुणेकरांना तर यासाठी दूर जाण्याची गरज नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून याच शहरात आहे. तेथे मधपाळीचे प्रशिक्षण मिळते. आपल्या तरुणांपैकी काहींनी हे ज्ञान घेतले तर त्यात हलाल रोजगारही आहे आणि मखलूकची सेवाही. मदरशांतील व शाळांतील मुलांना सूरह अन-नहल शिकविताना शिक्षकांनी एक दिवस त्यांना पाषाण किंवा तळजाईच्या टेकडीवर न्यावे आणि एका फुलासमोर अर्धा तास शांत बसवावे. कोण येते, कसे बसते, काय घेऊन जाते, हे मुलांनी स्वतः टिपावे. तफक्कुरचा तो पहिला धडा ठरेल.

घराघरांतही पुष्कळ करता येते. मुस्लिमाने लावलेल्या झाडातून माणूस, पशू किंवा पक्षी जे काही खाईल ते त्याच्यासाठी सदका ठरते, असे प्रेषितवचन आहे. गॅलरीतील चार कुंड्यांत सब्जा, झेंडू, पुदिना लावावा. सब्जाचे तुरे खुडून न टाकता त्यांना फुलू द्यावे. फुलावर आलेल्या झाडावर कीटकनाशक मारू नये. उन्हाळ्यात पसरट भांड्यात खडे घालून थोडे पाणी ठेवावे, म्हणजे माश्या न बुडता पाणी पितील. मशिदीच्या विश्वस्तांनी वुजूचे पाणी गटारात न सोडता फुलझाडांच्या आळ्यात वळवावे.

आणि आपले कबरस्तान! वाढत्या शहरात मोकळी माती फार थोड्या जागी उरली आहे, त्यांपैकी ही एक. कबरीवर सब्जा लावण्याची रीत आपल्याकडे आहेच. कुंपणाला मेंदी, कडेला बोर, जांभूळ, कडुनिंब अशी देशी झाडे लावली, तणनाशक टाळले आणि एखादे सुके खोड तसेच पडू दिले, तर ती भूमी भुंगे, फुलपाखरे आणि मधमाश्या यांचे आश्रयस्थान होईल. ज्यांचे अमल थांबले आहेत त्यांच्या उशाशी तस्बीह करणारे जीव नांदतील, आणि झाडे लावणाऱ्यांचा सदका चालू राहील.

शेवटी एक हदीस लक्षात ठेवू. मुस्नद अहमदमध्ये आदरणीय अब्दुल्लाह इब्ने अम्र (र.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी (स.) ईमानधारकाला मधमाशीची उपमा दिली आहे. ती उत्तम तेच खाते, उत्तम तेच देते, आणि जेथे बसते तेथे काही मोडत नाही की बिघडवत नाही. तिच्या आहाराची चर्चा आपण करतो, तिच्या मधाची तर करतोच; पण उपमेचा तिसरा भाग आपल्या काळासाठी अधिक निकडीचा आहे. या पृथ्वीच्या फांदीवर आपणही काही काळ बसलो आहोत. आपणही मुसाफिरच आहोत. आपण उठून जाऊ तेव्हा फांदी शाबूत असावी, फूल फळाला लागलेले असावे. मधमाशीला तिसरे घर आपल्या भिंतीवर मिळाले आहे आणि ते तिला तिच्या पालनकर्त्याच्या आज्ञेने मिळाले आहे. त्या आज्ञेचा मान राखणे आपल्या हाती आहे.

हे अल्लाह, आम्हाला तुझ्या निशाण्यांवर विचार करणारी बुद्धी दे. तुझ्या दुर्बल मखलूकशी दयेने वागण्याची शक्ती दे. आमची घरे, आमच्या मशिदी आणि आमची कबरस्ताने तुझी तस्बीह करणाऱ्या प्रत्येक जिवासाठी शांततेची ठिकाणे बनव. आमीन.